आजी म्हणाली, भरलेत

१

“नाही. फी आलेली नाही,” रोखपाल म्हणाला, आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या मुलीचा चेहरा खर्रकन उतरला.

ग्रंथपाल बाई तेव्हा खिडकीच्या आतल्या बाजूला होत्या. त्यांचं काम काही फार भारदस्त नव्हतं. त्या सकाळी तंत्रशिक्षण संस्थेत खुर्च्यांसाठी नव्या गाद्या आल्या होत्या आणि बाईंच्या वाट्याला आलेली गादी नेमकी एका कोपऱ्यात टणक निघाली होती. वर त्या कोपऱ्याची शिवण लाल दोऱ्याची, बाकी सगळी पांढऱ्या. बाईंना असला अजागळपणा खपत नसे. रोखपालाची पाठ धरलेली असायची, त्याला मऊ बैठक वर्ज्य, म्हणून बाईंनी त्याच्याशी अदलाबदल केली. त्याने गादी दाबून पाहिली, मान डोलावली आणि तिच्यावर ठाण मांडलं. एरवी तो एवढ्या निमित्ताने प्राचार्यांपासून हवामानापर्यंत सगळ्यांचा उद्धार करून मोकळा झाला असता. आज मात्र ओठ मिटून होता.

“पण आजीनं काल पैसे भरलेत,” मुलगी म्हणाली. “तिनंच फोन करून आईला सांगितलं.”

“मग पावती दाखव.”

“पावती सापडत नाहीये. आजीची पिशवी सगळी उलटी केली. पैसेही नाहीत, पावतीही नाही. आणि आजीचं काल घशाचं ऑपरेशन झालं.”

या मुलीला घरीदारी सगळे ठिणगी म्हणत. विजतंत्रीचं पहिलं वर्ष तिने दणक्यात पास केलं होतं. ग्रंथालयातला पंखा करकर करायचा, तो तिने शिडीवर चढून गप्प केला, तेव्हापासून ती बाईंच्या खास मर्जीतली. दुसऱ्या वर्षाच्या फीचा आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी खिडकी बंद झाली की तिची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती.

रांगेतून कुणीतरी कुजबुजलं, “खाल्ले असतील यानंच.” रोखपालाचे कान लाल झाले, पण ओठ उघडले नाहीत.

गलबला ऐकून प्राचार्य खाली आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उसासा टाकला. “शिक्षणासाठी म्हणून सरकार थेट खात्यात पैसे टाकतं, आणि मग हे असं होतं. घरात शंभर तोंडं. कुणी वापरले कोण जाणे! त्यापेक्षा पुस्तकं वाटावीत.” मग ते रोखपालाकडे वळले. “आणि तुमच्याकडूनच काही घोळ असेल, तर तोही संध्याकाळपर्यंत निस्तरा. नाहीतर चौकशी लावावी लागेल.”

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि प्राचार्यांना म्हणाल्या, “संध्याकाळ व्हायला अवकाश आहे. तोवर मी जरा बघते.”

प्राचार्यांनी कपाळावर हात मारून घेतला. संस्थेच्या ग्रंथालयात रहस्यकथांचं अख्खं कपाट कशाला, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. पण मागे हरवलेला प्रोजेक्टर बाईंनी शोधून काढला होता, आणि तोही प्राचार्यांच्याच कपाटातून. त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

२

ठिणगीची आई धावतपळत ग्रंथालयात आली. ती कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीवर कामाला होती, नवरा परगावी बांधकामावर. तिच्या पदराला अजून वाफेचा ओलसर वास होता.

“बसा आधी,” बाई म्हणाल्या. “पैसे आले कसे, गेले कसे, पहिल्यापासून सांगा.”

“आले ते माझ्या खात्यावर, बाई. दर सहामाहीला येतात. फोन टिंग वाजतो की आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो.” एवढ्या काळजीतही तिच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं. “गेल्या वर्षीची फी त्यातूनच गेली. बसचा पास त्यातूनच, संस्थेच्या कार्यशाळेत घालायचे जाड तळव्याचे बूटही त्यातूनच. थोरलीच्या वेळी हे नव्हतं. तिच्या फीसाठी मी कितीजणांचे उंबरे झिजवले. कुणी दिले नाहीत, कुणी देऊन चार लोकांत ऐकवले. शेवटी ती आपणहून म्हणाली, राहू दे आई. आता माझ्या शेजारच्याच टेबलावर इस्त्री करते.”

“मग फी खात्यातून परस्पर का नाही भरली?”

“सासूबाईंचा हट्ट! त्या गादी कारखान्यात कामाला. त्यांना शाळेची पायरी चढायला मिळाली नाही कधी. म्हणाल्या, जन्मभर लोकांसाठी राबले, आता नातीची फी मी माझ्या हातानं देणार. म्हणून मी रोख काढून दिले. चुकलंच माझं.”

“काही चुकलं नाही. फोनवर त्या काय बोलल्या? जसंच्या तसं सांगा, स्वतःची भर नको.”

आईने डोळे मिटले. “मशीन धडधडत होती. त्यांचा घसा बसलेला. आधी बंद, बंद म्हणाल्या. मला वाटलं, मशीन बंद कर म्हणतायत. मग म्हणाल्या, पैसे भरलेत. नीट भरलेत, चांगले दाबून भरलेत, तू काळजी करू नको. मी विचारायच्या आत फोन ठेवला.”

“दाबून?”

“म्हणजे पुरते भरले, काही बाकी नाही, असंच ना?”

आईने पदराशी चाळा केला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “एक सांगू? सांगायला जीभ रेटत नाही. सासूबाईंना श्वास घ्यायला जमेना तेव्हा कारखान्यातून दवाखान्यात आमच्या भाऊजींनी नेलं, त्यांच्या टेम्पोतून. पिशवी त्यांच्याजवळच होती. आणि आज सकाळी टेम्पोला नवं कोरं टायर आहे.”

३

बाईंनी आधी रोखपालाला गाठलं. जेवणाची सुट्टी होती, पण तो डबा न उघडता खिडकीपाशी आपल्या टणक गादीवर बसून होता.

“अहो रोखपाल, काल दुपारी खिडकी बंद होती.”

“दिवसभर उघडी होती,” तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

“आजी फोनवर दोनदा बंद म्हणाली. मशीनच्या आवाजात सुनेला त्याचा अर्थ लागला नाही, मला लागला. तुम्ही सकाळपासून तोंड का उघडत नाही, ते सांगा. तुम्ही आणि गप्प? आज डबासुद्धा तसाच पडलाय. यात तुमचं आवडतं काहीतरी कडक असणार, जे तुम्हाला आज चावता येणार नाही. दाखवा बघू दात.”

रोखपालाने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच ओठ विलगले. आत नव्या कवळीची पांढरीशुभ्र रांग चमकली.

“कुणाला थांगू नका,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोबड्या बोलण्याने शरमला. “दंतवैद्यांकडे दुपारचीच वेळ मिळाली. रजा नव्हती. म्हटलं, कोण येतंय दुपारचं. पाटी लावून गेलो होतो.”

“आजीला पाटी वाचता येत नाही.”

“शपथेवर थांगतो बाई, मी त्या म्हातारीला पाहिलंसुद्धा नाही.”

बाईंचा त्याच्यावर विश्वास बसला. चोरी लपवणारा माणूस दातांसाठी एवढा लाजत नाही. पण त्यामुळे गुंता सुटण्याऐवजी वाढलाच. खिडकी बंद होती, तरी आजी म्हणते पैसे भरले. मग तिने ते भरले कुठे?

४

दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच होता. बाई ठिणगीला घेऊन तिथे गेल्या. वॉर्डात ठिणगीचा टेम्पोवाला काका आजीच्या पायथ्याशी बसून तिचे तळपाय चोळत होता. टायरचा विषय निघताच तो भडकला नाही, उलट ओशाळला.

“वहिनीला वाटलं असणार. वाटू दे, मागे मी तसा वागलोय. पण टेम्पो गादी कारखान्याच्या मालकाचा आहे, मी नुसता चालवतो. टायरही त्यानंच बसवलं. ठिणगीच्या फीला मी हात लावीन? घरातला बल्ब गेला तरी ती आता मला स्टुलावर चढू देत नाही, म्हणते काका, तुला शॉक बसेल. हात लावीन मी तिच्या पैशाला?” बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव खोडलं.

आजी टक्क जागी होती. गळ्याला पट्टी, बोलायची सक्त मनाई. ठिणगीला पाहताच तिने दोन्ही हात पुढे केले आणि नातीचं तोंड कुरवाळलं.

“आजी,” ठिणगी म्हणाली, “नुसती मान हलव. पैसे भरलेस ना?”

आजीने जोरात मान डोलावली.

“खिडकीवर?”

नाही.

“मग कुणाला दिलेस?”

आजीने हात हलवला. कुणालाच नाही. बाई चक्रावल्या. पैसे भरले आहेत, पण कुणालाही दिलेले नाहीत!

आजी आता उतावीळ झाली. ती डोक्याखालच्या उशीवर थापा मारू लागली, मुठीने उशी दाबू लागली. सिस्टर लगबगीने आल्या. “उशी टोचतेय का आजी? सकाळपासून हेच चाललंय बघा यांचं. दोन जास्तीच्या दिल्या तरी समाधान नाही.” त्यांनी आणखी एक उशी आजीच्या पाठीमागे सरकवली. आजी आता जवळजवळ उठून बसल्यासारखी झाली होती, आणि चेहऱ्यावर असा वैताग, की बोलता येत असतं तर सगळ्यांची खरडपट्टी काढली असती. रागाच्या भरात तिला ठसका लागला. सिस्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं.

“आता?” ठिणगीने विचारलं. खिडकी बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता.

“आता तुझी आजी खिडकी बंद पाहून जिथे परत गेली, तिथे.”

५

गादी कारखान्यात कापूस हवेत तरंगत होता. आत पाऊल टाकताच बाईंना लागोपाठ शिंका सुरू झाल्या, त्यामुळे चौकशीचा रुबाब राहिलाच नाही. मालकाने पाणी दिलं.

“आजी काल दुपारी परत आल्या त्या गप्पगप्पच होत्या,” तो सांगू लागला. “घसा धरून जाग्यावर बसल्या आणि कामाला लागल्या. फोन केला घरी. थोड्या वेळानं श्वासच कोंडायला लागला, तसा मी टेम्पो काढायला लावला. मी काही घेतलं असेल असं वाटत असेल, तर खुशाल झडती घ्या. आजीसारखी कारागीर मला शोधून मिळणार नाही.”

तेवढ्यात पलीकडून एका कामगार बाईने हाक दिली, “मालक, ही भरून झाली. शिवू का?”

“दाबून भरलीस का? आजी भरते तशी दाबून भर, नाहीतर चार दिवसांत बसेल!”

शिंकेसाठी उघडलेलं बाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं. शिंक आलीच नाही.

“काय म्हणालात?”

“भर म्हटलं. कापूस. गादी भरायची म्हणजे...”

“ठिणगे,” बाई म्हणाल्या, “आपण सगळे ठार वेडे आहोत. जगाच्या लेखी पैसे भरायचे ते खिडकीवर. पण तुझ्या आजीनं जन्मभर एकच भरणं केलंय. ती फी भरली म्हणालीच नाही. पैसे भरलेत म्हणाली. नीट भरलेत, दाबून भरलेत! फी कधी कुणी दाबून भरतं का?”

ठिणगीने आजीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. “आणि ती उशीवर थापा मारत होती!”

“इथे दार सताड उघडं, पिशवी खुंटीला, त्यात अंगात त्राण नाही. आपल्या टाक्यापेक्षा भरवशाचं कुलूप तिला ठाऊक नाही. सकाळी उसवून काढू आणि खिडकीवर देऊ, असा हिशेब असणार. मालक, काल परत आल्यावर आजींनी काय शिवलं?”

“खुर्चीची छोटी गादी. आणि गंमत म्हणजे तिचा एक कोपरा लाल दोऱ्यानं! पांढरं रीळ शेजारी असताना. मी बोलणार होतो, पण तेवढ्यात त्यांचं दुखणं वाढलं. मग म्हटलं जाऊ दे, ऑर्डर पोचवायची होती.”

“कुठे पोचवली?” ठिणगीने विचारलं.

“कुठे म्हणजे? तुमच्याच संस्थेत की! आज सकाळी.”

बाईंनी कपाळाला हात लावला. लाल दोरा. टणक कोपरा. आणि ती गादी त्यांनी स्वतःच्या हाताने नेऊन दिली होती.

“पळ,” त्या ठिणगीला म्हणाल्या, आणि स्वतःही पळत सुटल्या.

६

खिडकीपाशी प्राचार्य घड्याळ बघत उभे होते. ठिणगीची आई भिंतीला टेकून होती. रोखपाल सगळे कागद आवरून, खालमानेने बसला होता.

बाईंना धाप लागली होती, तरी रहस्यकथांतले सगळे गुप्तहेर घेतात तसा त्यांनी एक लांबलचक श्वास घेतला. असा प्रसंग आयुष्यात वारंवार येत नाही, आणि तो वाया घालवायची त्यांची तयारी नव्हती.

“पैसे,” त्या म्हणाल्या, “रोखपालांकडेच आहेत.”

रांगेतले दोघेतिघे “म्हटलं नव्हतं?” अशा नजरेने एकमेकांकडे पाहू लागले. रोखपालाचा चेहरा पांढराफटक पडला.

“आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही,” बाईंनी वाक्य पुरं केलं. “अहो, उठा.”

रोखपाल उठला. बाईंनी गादी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि कात्री मागितली. लाल टाके आजीने असे घातले होते, की उसवताना कात्रीही कुरकुरली. ठिणगीने कापसात हात घातला. आत, आणखी आत, कोपऱ्यात, कापडाची घट्ट पुरचुंडी होती. ती सोडली, तशा नोटा हळूच उलगडल्या. जशा खात्यातून निघाल्या होत्या, तशाच्या तशा.

आईच्या तोंडून हुंदका फुटला. प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाईंनी आजीचं भरणं, मशीनच्या आवाजातलं बंद-बंद, उशीवरच्या थापा असं सगळं त्यांना उलगडून सांगितलं. रजेशिवाय दात बसवून घेण्याचा भाग तेवढा त्यांनी गाळला.

“सकाळी तुम्ही विचारलंत, घरात कुणी वापरले कोण जाणे,” शेवटी त्या म्हणाल्या. “बघा. काका, सून, नात, सगळं घर या पैशाला दिव्यासारखं जपतं. म्हातारीनं तर श्वास कोंडत असतानाही आधी हे शिवून ठेवलं.”

“सकाळचं माझं बोलणं मी मागे घेतो,” प्राचार्य म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

ठिणगीने पैसे खिडकीत सरकवले. पण रोखपालाने ते घेतले नाहीत. तो आईकडे बघत होता.

“म्हातारीला स्वतःच्या हातानं द्यायचे होते ना?”

“हो, पण आता वेळ...”

“काल मी जागेवर असतो, तर तिनं दिले असते.” त्याने पावतीपुस्तक काखेत मारलं, शिक्का खिशात घातला. “नियमात लिहिलंय, रोख खिडकीवरच स्वीकारली जाईल. खिडकी म्हणजे मी. मी जिथं, तिथं खिडकी. चला!”

बोलताना नवे दात लखलखले, आणि या खेपेला त्याने ते लपवले नाहीत.

७

रस्ता ओलांडताना ठिणगीची आई बाईंच्या जवळ आली. “तुमचे उपकार कसे फेडू? पैसे पाठवणाऱ्याचे तर आभारही मानता येत नाहीत, बाई. त्याचं तोंडच दिसत नाही.”

“दिसत नाही तेच बरं,” बाई म्हणाल्या. “दिसलं असतं, तर तुम्हाला त्याच्यापुढे वाकावं लागलं असतं.”

आई म्हणाली, “तरी मी रोज मानते. फोन टिंग वाजला त्या दिवसापासून.”

वॉर्डात एवढी माणसं एकदम शिरलेली पाहून सिस्टर हात पसरून आडव्या आल्या. पण पुढे प्राचार्य होते, त्यांच्यामागे पावतीपुस्तक धरलेला गंभीर चेहऱ्याचा माणूस, आणि त्याच्यामागे ठिणगी. ते सगळं कसं अडवायचं हे त्यांना सुचलं नाही. काका उठून उभा राहिला. आईने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, “भाऊजी, आज जेवायला घरी या.”

ठिणगीने पुरचुंडी आजीच्या ओंजळीत ठेवली. लाल दोऱ्याचा एक तुकडा तिला अजून चिकटलेला होता. आजीने तो पाहिला, मग सगळ्यांकडे पाहिलं, आणि एकदाचं कळलं का तुम्हाला, असा भाव तिच्या चेहऱ्यावर आला.

रोखपालाने स्टूल ओढलं, टेबलावरच्या औषधांच्या बाटल्या बाजूला सारून तिथे पावतीपुस्तक मांडलं आणि खिडकीवर बसावं तसा ताठ बसला. “बोला आजी. विद्यार्थिनीचं नाव, वर्ग, तुकडी मला ठाऊक आहे. रक्कम?”

आजीने पैसे त्याच्या हातात दिले. स्वतःच्या हाताने, नीट. त्याने मोजले, लिहिलं, आणि टेबलावरच्या बाटल्या हादरतील असा शिक्का मारला. मग पावती फाडून, नातीकडे न देता, आजीकडे दिली.

आजीला वाचता येत नव्हतं. तिने पावती उलटसुलट पाहिली, ठिणगीला जवळ ओढलं आणि तिच्या हातात ठेवली. सिस्टर “बोलायचं नाही हं” म्हणत पुढे आल्या, तोवर उशीर झाला होता.

“फी,” आजी घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाली, “भरली.”